वसंताच्या घरचे तवे

ज्या घरात पक्षी आहे, त्या घराची सुरक्षितता तव्यापासून सुरू होते. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते उच्चारणारा माणूस माझ्या पलंगाखाली पोटावर आडवा होता आणि त्याचे फक्त पाय दिसत होते. पायांत पांढरे मोजे. त्यामुळे वाक्याचं वजन कमी झालं असं नाही. उलट पलंगाखालून आल्यामुळे त्याला थोडा घुमारा आला होता.

हे आमचे घरमालक. डोंबिवली पूर्वेला त्यांची छोटी इमारत होती. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन घरं, एकात ते आणि काकू, दुसऱ्यात आम्ही, म्हणजे नुकतं लग्न झालेली मी आणि माझा नवरा. दोन्ही घरांच्या मागून एकच लांब गॅलरी जायची. मध्ये लोखंडी जाळी, जाळीच्या पलीकडे पिंजरा आणि पिंजऱ्यात वसंत. वसंत हा कॉकाटिल जातीचा पक्षी. अंगाने राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर केशरी ठिपके. ठिपक्यांमुळे काकूंनी नाव वसंत ठेवलं होतं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्यापासून चार हातांवर होती आणि काकांच्या आयुष्यातली सगळी चिंता त्या चार हातांत मावत असे.

सामान लावायच्या दिवशी ते पलंगाखाली शिरले होते ते आहेरात आलेली भांडी तपासायला. हातात भिंग, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक आणि एक वही. तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक देवदर्शनाला जातात, भिशी लावतात. काकांनी कारखान्याचा सगळा कारभार तेवढा घरी आणला होता. त्यांचं पिवळं हेल्मेट दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं असायचं आणि त्याखाली दोरीला एक पळी.

"स्टील, पास," पलंगाखालून आवाज यायचा. "पितळेची परात, पास. पण कल्हईवाला अंगणात बसवायचा नाही, नवसागराचा धूर होतो. हिंडालियमचा कुकर..." इथे वहीची पानं उलटल्याचा आवाज. "विचाराधीन."

मग ते बाहेर आले. त्यांच्या हातात चार नॉनस्टिक पॅन होते. चार वेगवेगळ्या मावश्यांनी एकमेकींना न विचारता दिलेले.

"हे काय आहे माहीत आहे?"

"पॅन आहेत, काका."

"यांच्यावरचा थर रिकामा तापला की वायू सोडतो. आपल्याला कळतही नाही. फार तर डोकं दुखेल. पक्ष्याचं फुप्फुस वेगळं असतं. आत घेतलेली हवा तो पुरेपूर वापरतो, त्यात हा वायूही आला. चार मिनिटं पुरतात."

त्यांनी चारही पॅन परत खोक्यात घातले, खोक्याला चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली, तारीख घातली आणि खोकं स्वतःच्या माळ्यावर नेलं. सँडविच टोस्टरही गेला. इस्त्रीला सशर्त परवानगी मिळाली: पुढच्या खोलीत, पंखा लावून, मागचं दार बंद करून. माझा नवरा रात्री म्हणाला, "आपण घर भाड्याने घेतलंय की याच्या कारखान्यात लागलोय?" मी म्हटलं, बोनस मिळतो का ते विचारून बघ.

काकांना डोंबिवलीची हवा नाकाने वाचता यायची. संध्याकाळी गॅलरीत उभे राहून ते डोळे मिटायचे आणि सांगायचे की आज एमआयडीसीच्या कुठल्या फेजमध्ये काय शिजतंय. त्या दिशेचं आकाश कधी गुलाबी व्हायचं, कधी फिकट जांभळं. झेरॉक्सच्या दुकानामागचं बदामाचं झाड त्या उजेडात पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. पानं हलायची ती इतकी सावकाश की वारा आहे की आपल्यालाच झोप येतेय हे कळायचं नाही. अशा एका संध्याकाळी मी न राहवून विचारलं, "काका, एवढी सगळी हवा अशी, आणि तुम्ही माझ्या तव्याच्या मागे?"

त्यांना राग आला नाही. ते विचार करून म्हणाले, "आकाश माझ्या हद्दीत नाही. तुझा तवा माझ्या हद्दीत आहे."

माणसाने आपली हद्द इतकी अचूक ओळखलेली मी नंतर फारशी पाहिली नाही. मोठमोठ्या पदांवरचे लोक पाहिले, त्यांना आकाशाखाली काही दिसतच नव्हतं.

वसंताला काकांनी कारखान्याचा भोंगा शिकवला होता. सकाळच्या पाळीचा, आधी खालून वर चढणारा आणि मग लांबणारा. वसंत तो दिवसातून कधीही वाजवायचा. दुपारी दोनला सगळी गल्ली पेंगत असताना गॅलरीतून तो भोंगा यायचा, बारीक, काचेचा असल्यासारखा, आणि शेजारच्या घरात आरामखुर्ची करकरायची. काकू सांगायच्या, झोपेत असले तरी अर्धे उठून बसतात, मग आपण निवृत्त आहोत हे आठवतं आणि परत पडतात. मला त्या दुपारी फार आवडायच्या. मी तेव्हा कल्याणच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते, आठवड्यातून एक सुट्टी अशी मधल्या वारी मिळायची. पुस्तक पोटावर उपडं ठेवून मी पडायचे. पक्षी पाळी बदलायचा, खुर्ची करकरायची. जग एवढंच आहे आणि एवढं पुरे आहे असं वाटायचं.

घरातली सगळी स्टीलची भांडी काकांनी कल्याणच्या भांडेबाजारात नेऊन त्यावर नव्याने नाव घालून आणली होती. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते कुणी दिलं, कधी दिलं यासाठी. लग्न, बारसं, वास्तुशांत. काकांच्या पातेल्यांवर, वाट्यांवर, अगदी गाळणीच्या दांडीवर एकच मजकूर होता: 'चि. वसंत'. याचा अर्थ भांडं तपासलेलं आहे आणि वसंताच्या घरात चालेल. मी एकदा चहा घेताना पेल्यावर ते वाचून हसले तर काकू म्हणाल्या, "हस बाई. मुलीच्या लग्नात दिलेल्या डब्यांवर मुलीचं नाव घालायला यांना सवड झाली नव्हती. पाखराचं घालायला झाली."

काकूंनीच मला पुढची गोष्ट सांगितली, मेथी निवडता निवडता, मान वर न करता.

वसंताच्या आधी घरात लव्हबर्डची जोडी होती. ती काकूंची. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली तेव्हा घर सुनं झालं म्हणून आणलेली. काका निवृत्त झाले त्या समारंभात कारखान्याने त्यांना शाल, नारळ आणि नॉनस्टिकचा सेट दिला. भाषणात साहेब म्हणाले की यांच्या काळात एक कामगार जायबंदी झाला नाही. आठ दिवसांनी सकाळी काकांनी त्यातला तवा गॅसवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ऑम्लेट करणार होते. तवा तापतोय तोवर पेपर उघडला.

"दोन्ही खाली पडले होते," काकू म्हणाल्या. "एकाच्या अंगावर एक. खोक्यात माहितीचा कागद होता. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं सगळं. यांनी तीस वर्षं लोकांना सांगितलं, आधी कागद वाचा."

"तुम्ही काही बोललात त्यांना?"

"मी काय बोलणार? तेच बोलले. तीस वर्षं कारखान्यात एकाला खरचटलं नाही आणि घरी आल्यावर आठ दिवसांत दोन गेले. एवढंच. नंतर महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस हा वसंत घेऊन आले नि हेल्मेट दाराला टांगलं." त्यांनी मेथीच्या काड्यांचा ढीग कागदावर लोटला. "आता याला काही झालं तर ते उठायचे नाहीत. तेवढं सांभाळ."

मी हो म्हटलं. तेव्हा माझ्या पुस्तकांच्या कपाटात, जाड शब्दकोशांच्या मागे, एक पाचवा नॉनस्टिक पॅन होता.

तो मी ठाण्याला एका दुकानातल्या सेलमध्ये घेतला होता. कारण घावन. माझं माहेर कणकवलीचं. आई बिडाच्या काळ्याभोर तव्यावर घावन घालते, ते जाळीदार, पांढरं, नुसतं हात लावला की सुटतं. माझ्या हातून बिडावर कधी सुटलं नाही. काकांनी कधी पुस्तकांचं कपाट तपासलं नाही. पुस्तकांबद्दल त्यांना आदर होता, संशय नव्हता. शिक्षित माणसाची हीच मोठी चूक असते.

मधल्या काळात माझ्या नवऱ्याने मध्यममार्ग म्हणून एक सिरॅमिकचा पॅन आणला, त्यावर 'पूर्णतः सुरक्षित' असं लिहिलेलं होतं. काकांनी विचारलं, "कुणासाठी?" आणि कंपनीला दीड पानी पत्र पाठवलं: थर कशाचा, किती तापमानाला, पक्ष्यावर तपासलाय का. तीन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन होतं. काकांनी ते वहीत चिकटवलं आणि बाजूला लिहिलं, 'उत्तर टाळले.' पॅन माळ्यावर गेला.

मग ती संक्रांत. काकूंच्या हळदीकुंकवाचं वाण या वेळी मी आणतो, असं काकांनी जाहीर केलं. काकूंना वाटलं प्लास्टिकचे डबे आणतील. ते कल्याणहून टेम्पोतून बावीस बिडाचे तवे घेऊन आले. आजूबाजूच्या खिडक्यांतून वसंतापर्यंत काय पोचू शकतं याचा त्यांनी नकाशा काढला होता, त्यात बरोबर बावीस घरं येत होती.

"वाणात लोखंड?" काकूंनी कपाळाला हात लावला. "सवाष्णींच्या ओटीत शनी घालू का मी?"

"लोखंड नाही, बीड आहे."

"मग काय चांदी झाली?"

"आणि संक्रांतीला काळं चालतं," काका म्हणाले. हा मुद्दा त्यांनी येताना टेम्पोत तयार केला असावा.

बायका आल्या, काळ्या साड्या नेसून, तिळगूळ घेतला, प्रत्येकीने दोन किलोंचा तवा दोन्ही हातांनी घेतला आणि "अय्या, किती उपयोगी" असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर सतरा तवे होते. एकावर एक, नीट रचून, सगळ्यात वरच्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. कुणी ठेवले, कधी ठेवले, कुणाला माहीत नाही. काका त्या ढिगाकडे बघत राहिले. मग एक गच्चीत नेऊन त्यात पाणी भरलं, चिमण्यांसाठी. बाकीचे माळ्यावर. महिनाभर चिमण्या त्या काळ्या पाण्यात ऊन अंगावर उडवत आंघोळ करत होत्या, आणि काका सांगायचे, "वाया काही गेलं नाही."

त्यांची शेवटची सवय सांगायची राहिली. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी चार वाजता ते पळीने हेल्मेट बडवायचे. हा सराव. ज्याला ऐकू येईल त्याने सगळं सोडून पिंजरा उचलायचा, जिना उतरायचा आणि बदामाखालच्या दगडावर नेऊन ठेवायचा. खिडक्या नंतर, गॅस नंतर, "आधी वसंत." ते घड्याळ घेऊन खाली उभे असत. मला कॉलेजला सुट्टी नसली तर मी यात सापडत नसे, पण चार-पाच वेळा सापडले. एकदा नवऱ्याने पिंजरा उलटा धरून आणला. काकांनी वहीत त्याला शेरा दिला.

तो दिवस एक तारखेचा नव्हता. काका ठाण्याला गेले होते. टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये जुन्या सेफ्टी ऑफिसर लोकांचा मेळावा होता आणि काकांचा सत्कार होता. काकू झोपल्या होत्या. वसंतही गप्प होता. दुपार मऊ, पिवळी, कुणीतरी विसरून गेल्यासारखी. मी शब्दकोश बाजूला केले, पॅन काढला, काकूंना वास जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी आणि मागचं दार घट्ट लावलं, गॅस मोठा केला. आणि फोन वाजला. आई.

"काय गो, काय करतंस?"

"घावन घालतेय."

"पीठ किती पातळ केलंस?"

आतल्या खोलीत रेंज नीट नव्हती. मी बोलत बोलत पुढे आले. आईने पीठ किती पातळ हवं ते सांगितलं, मग तांदूळ कुठला, मग तो तांदूळ ज्याच्या शेतातला त्याच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं. मी खिडकीतून रस्त्यावरची ऊन-सावली बघत हूं हूं करत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग नाकाला काहीतरी लागलं. धूर नव्हता. गोडसर, प्लास्टिकचं खेळणं उन्हात राहिल्यासारखं.

स्वयंपाकघरात पॅनवरची हवा थरथरत होती. मी गॅस बंद केला आणि हात खिडकीच्या कडीकडे गेला. कडीवरच तो थांबला. खिडकीपलीकडे चार हातांवर वसंत होता. खिडकी उघडली असती तर सगळं त्याच्याकडेच गेलं असतं. मी स्वयंपाकघराचं आतलं दार लावून पुढच्या दाराने धावले, शेजारच्या दाराशी गेले आणि पळीने हेल्मेट बडवलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या जोराने काही बडवलेलं नाही.

काकू डोळे चोळत आल्या. "आज एक तारीख आहे?"

"नाही, काकू. खरं आहे."

त्यांनी मला काही विचारलं नाही. मी समजत होते त्याच्या दुप्पट वेगाने ती बाई गॅलरीत गेली, पिंजरा काढला, पदर खोचला आणि जिना उतरली. मी मागे. बदामाखाली दगडावर पिंजरा ठेवला. वसंत दांडीवर होता, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून. झेरॉक्सवाला स्टूल घेऊन बाहेर आला. "आज ड्रिल आहे का, काकू?"

"हो," काकू म्हणाल्या.

तो आत गेला. आम्ही बसलो. बदामाचं एक लाल पान पिंजऱ्यावर पडलं आणि तिथेच राहिलं. मी पक्ष्याच्या छातीकडे बघत होते, ती हलते का, किती हलते. रस्त्यावरचे आवाज कुठल्या तरी दुसऱ्या गावातून येत असावेत इतके लांब वाटत होते. काकूंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठे ठेवला होतास?"

"पुस्तकांच्या मागे."

"हं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "घावन?"

"हो."

तेवढ्यात रिक्षा थांबली. काका उतरले, खांद्यावर शाल, हातात नारळ, छातीला बिल्ला. त्यांना पिंजरा दिसला. मग आम्ही दिसलो. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग तारीख पाहिली.

"आज सराव नाही," ते म्हणाले.

"मीच म्हटलं, करून बघू," काकू म्हणाल्या. "अचानक. तुम्हीच म्हणता ना, अचानक यायला हवं."

ती संधी मला दिलेली होती. मी ती घ्यायला तयारही होते. पण काका नारळासकट पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले आणि वसंताचे श्वास मोजू लागले.

"नाही, काका. माझ्याकडे एक पॅन होता. रिकामा तापला. मी फोनवर होते."

त्यांनी नारळ दगडावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आधी काय केलंस?"

"गॅस बंद केला. मग हेल्मेट."

"खिडकी?"

"लावलेलीच होती. काकूंना वास जाऊ नये म्हणून. मग उघडली नाही."

त्यांनी मान हलवली. खांद्यावरची शाल काढून पिंजऱ्याच्या तीन बाजूंना गुंडाळली, पुढची बाजू उघडी ठेवली. "मी आधी गॅस बंद केला," ते म्हणाले, "आणि मग पेपरची घडी घातली. नीट. चार घड्या. का घातली, मला अजून कळत नाही."

काकू उठल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी त्या दोघांना तसं कधी पाहिलं नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, ऊन झाडावरून उतरून दगडापर्यंत आलं. मग शालीच्या आतून सकाळच्या पाळीचा भोंगा झाला. खालून वर चढणारा आणि मग लांबणारा. काका सवयीने अर्धे उठले.

पक्ष्यांच्या डॉक्टरने दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. दोन दिवस गेले. वसंत खात होता, ओरडत होता, जाळीतून माझ्या पदराचा धागा ओढत होता. काका मात्र आमच्याकडे आले नाहीत. मी नवऱ्याला म्हटलं, खोली बघायला लाग. तो म्हणाला, पॅन आणायला तुला वेळ होता, खोलीही तूच बघ.

आठव्या दिवशी काका आले. भिंग नाही, वही नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड त्यांनी ओट्यावर ठेवलं. जिन्यावर परत आलेल्या सतरा तव्यांतला एक. दांडीजवळ नाव घातलेलं होतं. बिडावर मशीन उड्या मारतं, अक्षरं वाकडी येतील, असं भांडेबाजारातल्या माणसाने बजावलं होतं म्हणे, आणि ती वाकडी आलीही होती: 'चि. वसंत यांजकडून सप्रेम भेट'.

"बिडाला वळण लावावं लागतं," ते म्हणाले. "रोज तेल लावून तापवायचा. साबण नाही. तीन महिन्यांत घावन आपोआप सुटेल. तो पाचवा दे इकडे."

मी पॅन दिला. त्यांनी तो काखेत घेतला आणि दारातून वळून म्हणाले, "आणि शब्दकोश जागेवर ठेव. मधली रांग पुढे आलेली दिसते कपाटात. मला कधीपासून दिसत होती. म्हटलं, पुस्तकं आहेत."

आता ती इमारत पाडून तिथे टॉवर उभा आहे. काका-काकू वसंताला घेऊन मुलीकडे ठाण्याला गेले. तिच्या सोसायटीत बत्तीस मजले आहेत, आणि जाण्याआधी काकांनी प्रत्येक मजल्याचा नकाशा मागवला होता. आम्ही टिटवाळ्याला घर घेतलं. घरात पक्षी नाही, तरी नॉनस्टिकही नाही. पाहुणे तव्यावरचा मजकूर वाचतात आणि वसंत कोण म्हणून विचारतात. मी सांगते, जवळचे आहेत. संध्याकाळी कधी कधी तवा तापायला ठेवून मी गॅससमोर उभी राहते, फोन पुढच्या खोलीत ठेवून, आणि त्या बदामाच्या झाडाखालची शांतता परत येते. ज्याचा जीव आपल्यामुळे जाता जाता राहिला, त्याने दिलेल्या भांड्यात रोज अन्न शिजवणं ही साधी गोष्ट नाही, असं मला त्या वेळी मनापासून वाटतं.

बारा वर्षं झाली. घावन अजून चिकटतं.